त्रिंबकपंतांचे वळसे

त्रिंबकपंत दातारांना कुठेही न्या, अगदी स्मशानात न्या, ते आधी जमिनीकडे बघणार. माणसांकडे नंतर. आमच्या हेडक्लार्कांच्या आईला पोचवायला आम्ही ठाण्याच्या खाडीकाठी गेलो होतो. तिरडी आम्हा दोघांच्या खांद्यावर, हेडक्लार्क पुढे मडकं धरून रडतायत, आणि पंत मान वळवून मला सांगतायत, "त्या बाभळीपाशी गल घेतला आणि इथून चेंडू मारला, तर हा ओढा बरोब्बर मधे येतो. काय सुरेख ओढा आहे हो! फुकट गेलाय इथे."

मी म्हटलं, "पंत, खांदा बदला."

गोल्फ नावाचा साहेबलोकांचा एक खेळ आहे. तुम्ही पाहिला नसेल तर काही बिघडलेलं नाही. लांब काठीने चेंडू मारायचा, तो जाईल तिथवर उन्हातून चालत जायचं, पुन्हा मारायचा, आणि शेवटी जमिनीतल्या एका भोकात घालायचा. आत गेला की हाताने बाहेर काढायचा आणि पुढच्या भोकाकडे निघायचं. म्हणजे आमची कचेरीच, फक्त पगार नाही. त्या भोकाला पंत 'गल' म्हणत. गोट्या खेळताना आपण मातीत खणतो तोच गल.

बरं, माणसाला खेळायचा नाद असता तर एकवेळ मी समजून घेतलं असतं. लोक गंजिफा खेळतात, पतंग उडवतात, काही जण कीर्तनंसुद्धा करतात. पण पंतांना खेळायचं नव्हतंच. त्यांना त्या खेळाचं मैदान आखायचं होतं. गल कुठे खणायचा, त्याच्या वाटेत काय आडवं घालायचं, उतार कुठे ठेवायचा, चेंडू कुठे घरंगळला पाहिजे, हे सगळं ठरवायचं आणि मग त्यात दुसऱ्याने येऊन हैराण व्हायचं. आणि दुसरा सापडत नसल्यामुळे हैराण व्हायला मी होतो.

मी थकलेला माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. ठाण्याच्या कचेरीत जमाबंदीचे कागद वाचून वाचून माझे डोळे गेले, मांडी घालून बसून गुडघे गेले. रविवार एवढाच माझा. तो पंतांनी खाल्ला. आधी आम्ही ठाण्याला एका आळीत शेजारी, एका कचेरीत सोबती. पुढे ते पेन्शन घेऊन डोंबिवलीला वडिलोपार्जित जमिनीवर राहायला गेले, तेव्हा मला वाटलं, सुटलो. कसचं काय! दर शुक्रवारी निरोप यायचा, रविवारी या, जमीन काहीतरी म्हणते आहे.

हे वेड आलं कुठून ते मला इतक्यांदा ऐकायला लागलंय, की झोपेतही सांगेन. पंत मूळचे कल्याणचे. तिथे तळ्याच्या काठी पोरं गोट्या खेळत. पंतांचा नेम जन्मजात वाईट, त्यामुळे त्यांना कोणी खेळायला घेईना. मग निदान जवळ बसायला मिळावं म्हणून त्यांनी गल खणून द्यायचं काम पत्करलं. एक दिवस त्यांनी गल नेहमीच्या सपाट जागी न खणता पिंपळाच्या मुळापलीकडे, उतारावर खणला. आळीतला सगळ्यांत पटाईत पोरगा संध्याकाळपर्यंत गोटी मारत बसला, शेवटी रडायला लागला.

"रडवला हो त्याला!" हे सांगताना पंतांचे डोळे अजून लकाकतात. "मी नाही, उताराने रडवला. सरळ मारून गोटी जाईचना. वळसा हवा, वळसा!"

हा त्यांचा परवलीचा शब्द. कोणी मुलीचं लग्न ठरवायला निघालं, कोणी मामलेदाराकडे अर्ज घेऊन निघालं, पंत म्हणणार, "वळसा हवा." सरळ रस्ता म्हणजे त्यांच्या मते बैलाचं काम.

दुसरी गोष्ट साहेबाची. पंत तरुणपणी, आमच्या कचेरीत यायच्या आधी, इंजिनीअर कचेरीत मोजणीची साखळी धरायला होते. तिथे एक तांबड्या दाढीचा साहेब होता, स्कॉटलंडचा. त्याला ठाण्यात करमेना. त्याने खाडीकाठच्या मोकळ्या जागेत आपल्या देशचा हा खेळ मांडायचं ठरवलं आणि पंतांना खुंट्या ठोकायला उभं केलं. साहेबाने खुंट्या लावल्या त्या आगगाडीच्या रुळासारख्या नाकासमोर. पंतांना राहवलं नाही. नवी नोकरी, समोर गोरा साहेब, तरी बोलून गेले, "साहेब, वळसा हवा. हा चिखल मधे घ्या." साहेबाने खुंटी उपटून त्यांच्या हातात दिली. पंतांनी चिखलापलीकडे नेऊन ठोकली. दुसऱ्या दिवशी साहेबाचा पहिलाच चेंडू चिखलात, चेंडूमागे साहेब गुडघाभर चिखलात, आणि तिथेच उभा राहून पोट धरून हसतोय. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. म्हणाला, "दातार, घरी गेल्यासारखं वाटलं."

त्या दिवशी पंत कामातून गेले ते गेलेच.

साहेबाची बदली झाली. जाताना त्याने पंतांना खेळायची एक काठी आणि मूठभर चेंडू दिले. काठीला धरायच्या जागी चामडं गुंडाळलेलं. पंतांच्या घरी त्यांची आत्या कडक सोवळ्याची. तिने ती काठी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नाही. काठी गोठ्यात राहिली, आणि पंत तिला हात लावला की बाराही महिने आंघोळ करत. शेवटी थंडीतल्या आंघोळींनी टेकीला येऊन त्यांनी चामडं काढून टाकलं आणि तिथे पांढरं सूत घट्ट गुंडाळलं. तेव्हा काठी शुद्ध झाली. तरी आत्या तिच्यावर जाता-येता तुळशीचं पाणी शिंपडायचीच.

पंगतीत तर पंतांच्या शेजारी बसू नये. पानात भाताची मूद पडली की हे बोटाने वरणाला वाट काढून देणार, लिंबाची फोड पलीकडे ठेवणार आणि मला विचारणार, "आता इथून तिथे कसे जाल?" मी म्हणायचो, "पंत, मी जेवायला आलोय." यजमान वाढायला थांबलेले, मागून भात येतोय, आणि ह्या गृहस्थांचं पान अजून आखून होतंय! एकदा वाढप्याने न बघता मुदीवर आमटी ओतली, तर पंतांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बिचारा दक्षिणा न घेता गेला.

डोंबिवलीच्या घरामागे त्यांचा वरकस माळ होता. वरकस म्हणजे उंचावरची हलकी जमीन, तिथे भात होत नाही, फार तर नाचणी आणि गवत. पेन्शन मिळाल्यावर पंतांनी नाचणी बंद केली आणि आयुष्यभर मनात आखलेलं मैदान तिथे मातीत उतरवायला घेतलं. टेकाडं उभी राहिली, वाळूचे खड्डे आले, बांबूच्या जाळ्या लागल्या. त्यांची जमीन कसणारा गोमा नावाचा आगरी होता, तो बिचारा पाट्या वाहून वाहून कावला. मला म्हणाला, "बामनाचा डोका फिरलाय. शेतान माती टाकतान, आन मंग ती काढतान, आन परत टाकतान."

मी म्हटलं, "गोमा, मला काय सांगतोस? मी ह्यांच्या शेजारी राहिलोय."

मला त्या मैदानातल्या दोन गोष्टी कधी पटल्या नाहीत. एक म्हणजे सुरुवात. पहिली खुंटी घराच्या मागच्या दारात, विहिरीपाशी. तिथे जायचं तर स्वयंपाकघरातून जावं लागे. आता परका माणूस सोवळ्यातल्या चुलीपासून जाणार कसा? दुसरी म्हणजे रस्त्याच्या अंगाला घातलेलं पुरुषभर उंचीचं लांबलचक टेकाड. खेळाच्या वाटेत ते येतच नव्हतं. नुसतंच उभं. "हे कशाला?" विचारलं की पंत म्हणत, "जमीन म्हणाली." 

त्या टेकाडाच्या आतल्या अंगाला, अगदी त्याला लागून एक गल होता. गल लांबून कळावा म्हणून पंतांनी तिथे उंच बांबूवर तांबडं फडकं लावलं. रस्त्यावरून फक्त फडकं दिसे. झालं! चार दिवसांत टेकाडाच्या पायथ्याशी, रस्त्याच्या बाजूला, एका धोंड्याला शेंदूर लागला. मग नारळ आले, लिंबं आली, एका अमावास्येला कोंबडा आला. गोमा हात जोडून दारात उभा. "पंत, म्हसोबा बसवला तं आमाला सांगाचा व्हता! आमी त्या वाटेनी रोज पायतान घालून जातो."

मला वाटलं, आता पंत त्याला समजावून सांगतील. शिकलेला माणूस, सरकारी नोकरी केलेला. तर पंत गंभीरपणे म्हणतात कसे, "गोमा, जागा फार कडक आहे. टेकाडावर कोणी चढू नये. आणि सकाळी उजाडायच्या सुमाराला तर इकडे कोणी फिरकू नये, त्या वेळी त्याची फेरी असते."

मी नंतर चिडून म्हटलं, "पंत, लाज नाही वाटत? अडाणी माणसांना फसवता?"  म्हातारपणी माणसाला देव होऊन बसायची हौस येते, असं मी मनाशी म्हटलं आणि सोडून दिलं. भांडायलाही अंगात जोर लागतो.

त्यांच्या घरात आत्याशिवाय आणखी एक माणूस होतं, त्यांची मुलगी येसू. सासरी नांदायला जायच्या आधीच तिचा नवरा पटकीने गेला. मग जे होतं तेच झालं. न्हावी आला, अंगावर तांबडं आलवण आलं, पोर माजघरात गेली. आईही पुढे फार दिवस राहिली नाही. इतक्या वर्षांत येसूचा आवाज मी ऐकला नव्हता. आतून भांडं वाजे, विहिरीवर रहाट कुरकुरे, एवढंच. पंत तिचं नाव काढत नसत, मीही विचारत नसे.

पंत माझ्याजवळ बोलत ते एकच. "एकदा, एकदाच हो, खेळ कळणाऱ्या माणसाने माझ्या माळावरून चालावं आणि म्हणावं, दातार, तुला जमीन वाचता येते. मग माझं काही मागणं नाही." हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका आशाळभूत होई, की मला त्यांचा राग येत असूनही कसंतरी होई.

म्हणून मी, ज्याने कधी स्वतःच्या बढतीसाठी कोणापुढे तोंड उघडलं नाही, त्या मी नव्या असिस्टंट कलेक्टरापुढे पंतांचा विषय काढला. साहेब गोल्फवेडा होता. ठाण्याला साहेबलोकांसाठी नवं मैदान करायचं त्याच्या डोक्यात होतंच. तो म्हणाला, "रविवारी येतो, बघतो."

पंतांना सांगितलं तेव्हा ते भिंतीला टेकून खालीच बसले. मग तीन महिन्यांचं काम त्यांनी एका आठवड्यात उरकलं. आत्या तुळशीचं पाणी घेऊन सगळ्या माळावर फिरली.

साहेब घोड्यावरून आला. आता त्याला स्वयंपाकघरातून पहिल्या खुंटीपाशी कसं नेणार? आत्या दारात आडवीच उभी. शेवटी साहेबाला रस्त्याने वळसा घालून, जाळीतल्या फटीतून आत घेतलं आणि सगळं मैदान उलटं, शेवटापासून दाखवलं. तरी साहेब खूश झाला. खड्डे पाहिले, उतार पाहिले, एक चेंडू मारला, तो उतारावरून घरंगळत परत त्याच्याच पायाशी आला, तेव्हा मोठ्याने हसला. परीक्षा पास झालेल्या मराठीत म्हणाला, "उत्तम आहे. अति उत्तम आहे. ठाण्याचे मैदान तुम्हीच आखावे. मी माझ्या मित्रांस येथे खेळावयास आणीन."

पंतांनी वाकून पायाखालची माती कपाळाला लावली. मला वाटलं, माझ्या गुडघ्यांचं सार्थक झालं.

"एक गोष्ट फक्त," साहेब म्हणाला. "सुरुवात रस्त्याकडून पाहिजे. हे टेकाड आड येते. हे कापून टाका, जाळीही तोडा. म्हणजे रस्त्यावरून सर्व मैदान दिसेल."

पंत म्हणाले, "टेकाड नाही कापता येणार, साहेब."

"मजूर मी देतो."

"मजुरांचा प्रश्न नाही. जमीन नको म्हणते."

साहेबाने माझ्याकडे पाहिलं. मी पंतांकडे पाहिलं. पंत आपल्या पायांकडे बघत होते. साहेबाने पुन्हा एकदा समजुतीने विचारलं, ठाण्याच्या मैदानाचं पुन्हा काढलं. पंतांचं एकच, "नाही साहेब, ते तेवढं नाही." साहेबाचं तोंड लाल झालं. "मग तुमचे मैदान तुमच्याजवळच राहो," म्हणून तो घोड्यावर बसला आणि गेला.

मी पंतांना काय काय बोललो ते इथे सांगत नाही. सगळं आयुष्य ज्याची वाट बघितली ते दारात आलं, आणि हा माणूस मातीच्या ढिगासाठी त्याला हाकलतो! पंतांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पाय दुखत असतील तुमचे. आज राहा इथे." पाय खरंच दुखत होते. गाडीपर्यंत चालायचं त्राण नव्हतं. आत्याने पिठलंभात वाढला, मी ओटीवर आडवा झालो.

पहाटे फटफटतंय तोच माळाकडून आवाज आला, टक्. थोड्या वेळाने पुन्हा, टक्. मी म्हटलं, पंत रात्रीतून अगदीच बिघडले वाटतं. गोठ्यात गुरांमधून वाट काढत माळाकडे गेलो आणि तिथेच थबकलो.

आलवणाचा काष्टा घट्ट खोचलेला, पदर डोक्यावरून खांद्यावर पडलेला, भादरलेलं डोकं उघडं. येसू! हातात तिच्या बेताची आखूड काठी, मुठीशी पांढरं सूत गुंडाळलेली. तिने चेंडू मारला, तो वाळूच्या खड्ड्यात गेला. ती चक्क कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, ह्या गलापाशी फार रडवता हं तुम्ही!" आणि हसली. मग चेंडूमागे निघाली. किती सावकाश चालत होती! आतल्या टेकाडाला वळसा घालून, जाळीमागे जाऊन, पुन्हा बाहेर येऊन, पायांनी गवत उडवत.

पंत रस्त्याकडे तोंड करून जाळीतल्या फटीपाशी एका दगडावर राखणीला बसले होते. माझी चाहूल लागताच उठले. चेहरा पांढराफटक.

मी म्हटलं, "पंत, कोणाला कळलं तर वाळीत टाकतील तुम्हाला."

"टाकतील."

"पोरीचे हाल करतील."

"म्हणून तर टेकाड." ते हळूच म्हणाले.  "माजघर ते विहीर, विहीर ते माजघर. जन्मभर तेवढंच चालणं हो तिचं! एवढीशी पोर, आणि तिच्या वाट्याला सरळ रेघ. मी तिचं कपाळ नाही बदलू शकत. मला जमीन तेवढी येते. म्हणून वळसे दिले."

 काहीतरी बोलायचं म्हणून बोललो, "आणि साहेब? खेळ कळणारा माणूस तुमच्या माळावरून चालायला हवा होता ना?"

"चालतंय की रोज," पंत म्हणाले आणि पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले.

सोमवारी कचेरीत हेडक्लार्कांनी विचारलं, "काय हो, तुमच्या दातारांनी साहेबाला परत फिरवलं म्हणे?" सगळे लेखण्या खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागले.

मी चष्मा पुसला. "दातारांनी नाही," मी म्हटलं. "तिथे म्हसोबा आहे. फार कडक जागा. टेकाडाला हात लावायची सोय नाही."

पुढच्या रविवारी मी अगदी पहिल्या गाडीने डोंबिवलीला गेलो. सगळ्यांना दिसेल असा हातात नारळ धरून गावातून चालत निघालो. गोमा वाटेत भेटला. "तुमी पन?" त्याने डोळे विस्फारले.

"मी पण रे बाबा. फेरीची वेळ आहे, माझ्या मागे मागे ये," म्हटलं, आणि त्याला बरोबर घेऊन टेकाडापाशी गेलो. पायतण काढलं. दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून त्या शेंदरी धोंड्यावर नारळ फोडला. त्याच वेळी टेकाडापलीकडून टक् असा आवाज आला आणि पाठोपाठ कोणीतरी खुदकन हसलं.

गोमाने दचकून हात जोडले. मीही जोडले.